बिल्डिंगमध्ये लाईट कमी-जास्त होतेय, काही फ्लॅट डिम तर काहींचे बल्ब उडायला लागलेत. कुणाला अनुभव?

शाहूपुरी_३०२
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शाहूपुरीत जुनी बिल्डिंग आहे आमची, चार मजले, सोळा फ्लॅट, खाली पार्किंग आणि पार्किंगच्या कोपऱ्यातच मीटर रूम. गणपती गेल्यापासून लाईटनं असा काय खेळ मांडलाय की विचारू नका. संध्याकाळी सातनंतर आमचा फॅन असा फिरतो की पाती मोजून घ्यावीत, फ्रीज नुसता कुंथतो आणि बंद पडतो, आणि त्याच वेळी समोर ३०१ मध्ये ट्यूब एवढी लख्ख की लग्नाचा हॉल वाटावा. पाच-दहा मिनिटांनी सगळं जिथल्या तिथं. सकाळी गिझरच्या टायमाला परत तेच. ३०१ च्या सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर जळला, १०३ मधले एलईडी बल्ब उडतात, परवा ४०२ चा टीव्ही गेला. वायरमन येतो तेव्हा सगळं ओक्के असतं, तो टेस्टर लावून बघतो, "आहे की लाईट" म्हणतो, चहा पिऊन जातो. एमएसईबीचा माणूस पण येऊन गेला, त्यानं बाहेर पोलवर मापलं, तिन्ही फेज बरोबर आहेत म्हणाला, तुमच्या आतलं आहे बघा. चेअरमन म्हणतात ज्यानं त्यानं आपापला स्टॅबिलायझर घ्यावा. काय करायचं सांगा.

कटवडा
एमसीबी बदला भावा, घरातला तो ओव्हरलोडला आपोआप पडणारा खटका. आमच्या मेव्हण्याकडं सेम झालेलं, एमसीबी बदलली, विषय संपला.

पाचवी_गल्ली
सोळा फ्लॅटच्या सोळा एमसीबी एकदम बिघडल्या काय मर्दा? आणि एमसीबी बिघडून लाईट कमी येईल एक वेळ, जास्त कशी येईल?

कटवडा
ते पण खरंय. मग चेअरमन बदला.

पुण्यात_अडकलेला
चेअरमन बदलायला एमसीबीपेक्षा जास्त खर्च येतो, अनुभवाचे बोल. माझं मत चांगल्या कंपनीचा मेनलाईन स्टॅबिलायझर घ्या, एकदाच खर्च, कायमचा ताप गेला.

उद्यमनगरी
स्टॅबिलायझर-बिबिलायझर राहू दे बाजूला. ३०२ वाले, आधी चार प्रश्नांची उत्तरं द्या, अंदाजानं नको, बघून.
डिम होणारे फ्लॅट दर वेळी तेच असतात की बदलतात? शेजारच्या बिल्डिंगला त्याच वेळी काही होतं का, डीपी, म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, एकच असेल तर? लाईट कमी-जास्त होत असताना पाण्याची मोटर लावली तर ती कशी चालते? आणि लिफ्ट?

शाहूपुरी_३०२
काका, काल रात्री वहीत लिहून ठेवलं सगळं. डिम होतात ते १०१, २०२, ३०२, ४०१ असे ठरलेले पाच-सहा फ्लॅट. लख्ख होतात ते पण ठरलेलेच. बाकीचे म्हणतात आम्हाला फारसा त्रास नाही, थोडं इकडं-तिकडं होतं. शेजारची बिल्डिंग त्याच डीपीवर आहे, त्यांना कायबी नाही. मोटर लावून बघितली, एकदम झ्याक चालली, टाकी नेहमीच्या वेळेत भरली. लिफ्टपण व्यवस्थित वर-खाली. फक्त लिफ्टच्या आतला दिवा लुकलुकतो.

उद्यमनगरी
बस्स. मोटर आणि लिफ्टनं सांगून टाकलं.

इस्कटून सांगतो, कारण हे बाकीच्यांनापण उपयोगी पडेल. तुमच्या बिल्डिंगला तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा येतात. कुठल्याही दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास असतात, आणि एक फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास. बिल्डिंग बांधताना फ्लॅट तीन फेजवर वाटून दिलेले असतात, काही आर वर, काही वाय वर, काही बी वर. प्रत्येक फ्लॅटला एक फेज आणि न्यूट्रल. मोटर मात्र तीन फेजवर चालते, तिला न्यूट्रल लागतच नाही. लिफ्टची मोटर तशीच. लिफ्टमधला दिवा मात्र एक फेज आणि न्यूट्रलवरचा, म्हणून तो लुकलुकतो. म्हणजे तिन्ही फेज धडधाकट आहेत, मेन न्यूट्रल कुठंतरी लूज आहे.

आता न्यूट्रल सुटला की काय होतं बघा. समजा तुमच्या आर फेजवर कुणीतरी २ किलोवॅटचा गिझर लावलाय आणि वाय फेजवर १०० वॅटचा एक टीव्ही चाललाय, बाकी सगळं बंद. न्यूट्रल शाबूत असेल तर दोघांना आपापले २३०. न्यूट्रल तुटला तर करंट गिझरमधून जातो, तुटलेल्या न्यूट्रलच्या मागच्या तुकड्यावरून टीव्हीत शिरतो आणि दुसऱ्या फेजला मिळतो. म्हणजे ४०० व्होल्टवर गिझर आणि टीव्ही एकामागोमाग जोडल्यासारखे. गिझरचा रेझिस्टन्स २६ ओहम, टीव्हीचा ५३० च्या आसपास धरा. व्होल्टेज त्याच प्रमाणात वाटलं जातं, गिझरच्या वाट्याला २० सुद्धा येत नाहीत आणि टीव्हीवर ३८० बसतात. टीव्ही किती वेळ टिकेल ते तुम्हीच सांगा. ज्या फेजवर लोड जास्त ती डिम, ज्या फेजवर लोड कमी तिथं सामान जळतं. तुमचा न्यूट्रल अजून पूर्ण तुटला नाही, सांधा ढिला आहे, त्यामुळं थोडं कमी, थोडं जास्त एवढ्यावर भागतंय. लोड वाढला की सांधा तापतो, तापला की अजून ढिला होतो, लोड कमी झाला की गार होऊन परत चिकटतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ त्रास, आणि वायरमन दुपारी येतो तेव्हा सगळं बरोबर.

आणि टेस्टरनं यातलं काही कळत नाही. तो ९० व्होल्टला पेटतो आणि २७० लापण पेटतो. त्यापेक्षा उपयोगाची एक खूण, त्रास चालू असताना सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतोय का बघा. न्यूट्रलच्या भोकात पेटला तर गडबड आहे.

कळंब्याची_सून
उद्यमनगरी काका, शाळेत असं शिकवलं असतं तर मी सायन्स सोडलं नसतं. एक विचारतो, मग ज्यांच्याकडे डिम होतं त्यांच्या वस्तू सेफ काय?

उद्यमनगरी
नाही ताई. बल्बला, गिझरला कमी व्होल्टेजनं काही होत नाही, फ्रीज आणि एसीच्या कॉम्प्रेसरला होतं. कमी व्होल्टेजवर तो सुरू व्हायला धडपडतो, करंट जास्त ओढतो, वायंडिंग तापतं. ३०२ मध्ये फ्रीज कुंथतो म्हणतायत तो हाच प्रकार. तशा वेळी फ्रीजचा खटका बंद केलेला बरा.

गावभाग
एवढा कशाला घोळ घालायचा. आमच्याकडं न्यूट्रल गेला तेव्हा वायरमननं मीटर रूममधनं अर्थिंगची पट्टी न्यूट्रलला जोडून दिली, दोन वर्षं झाली, आजतागायत काय झालं नाही.

उद्यमनगरी
गावभाग, जे लिहिलंय ते वाचून कुणी करू नये म्हणून जरा कडक बोलतो, राग मानू नका. अर्थिंगची पट्टी ही फॉल्ट झाला तर करंट जमिनीत जायला असते, रोजचा सगळ्या बिल्डिंगचा करंट वाहायला नसते. उन्हाळ्यात खड्डा वाळला, मीठ-कोळशाचं काम जुनं झालं की त्या अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो. मग तो करंट जाणार कुठं? प्रत्येक घरातला गिझर, वॉशिंग मशीन, फ्रीज, मिक्सर यांची धातूची बॉडी त्याच अर्थिंगला जोडलेली आहे. त्या सगळ्यांच्या बॉडीवर व्होल्टेज येतं. बाथरूममध्ये ओल्या अंगानं नळाला हात लावायचा आणि झटका, हा प्रकार असाच होतो. दोन वर्षं काही झालं नाही म्हणजे तुमचं नशीब जोरात आहे. उद्याच्या उद्या ती पट्टी काढून घ्या आणि खरा न्यूट्रल शोधा.

गावभाग
बरं. सांगतो सेक्रेटरींना.

पाचवी_गल्ली
मग न्यूट्रलला एक चांगला फ्यूज बसवला तर? ओव्हर करंट आला की उडेल.

उद्यमनगरी
ते तर मुळीच नको. न्यूट्रलचा एकटा फ्यूज उडाला की वर सांगितलं तेच होणार, पूर्ण न्यूट्रल गेला. तीन फेजच्या मेन स्विचमध्ये फेजला फ्यूज आणि न्यूट्रलला नुसती लिंक असते ती त्यासाठीच. जुन्या किटकॅटवाल्या, म्हणजे चिनी मातीच्या फ्यूजच्या, बोर्डात काहीजण न्यूट्रललापण किटकॅट घालून ठेवायचे, तसं कुठं दिसलं तर बदलून घ्या.

शाहूपुरी_३०२
अपडेट देतो. ४०१ मधल्या पोरानं मल्टीमीटर आणलं, आम्ही दोघांनी रात्री साडेआठला पंपाच्या पॅनलवर मापलं, मीटरच्या पुढं, काका काळजी नको, पायात चपला आणि एक हात खिशात. आर ते न्यूट्रल १८८, वाय ते न्यूट्रल २७५, बी ते न्यूट्रल २४७. दोन-दोन फेजमध्ये तिन्ही जोड्या ४०५ च्या आसपास. न्यूट्रल ते अर्थिंग ५०!!

अजून एक गंमत. गच्चीवर सोसायटीचं सोलर आहे, कॉमन मीटरवर. त्याचा इन्व्हर्टर सकाळी सारखा "ग्रिड ओव्हरव्होल्टेज" दाखवून बंद पडायचा, आम्ही त्याच्या कंपनीच्या नावानं बोंब मारत होतो. त्या पोरानं ॲप उघडून जुना ग्राफ काढला. तिन्ही फेजच्या रेषा पूर्वी एकमेकींना चिकटून चालायच्या, ऑगस्टच्या शेवटापासून सकाळी सात ते नऊ तिघी तीन दिशांना. म्हणजे पुरावा डोक्यावर होता आणि आम्ही खाली मीटर रूममध्ये अगरबत्ती लावत होतो.

उद्यमनगरी
शाब्बास, वाघ आहे तो पोरगा. आकडे एकमेकांना जुळतायत. फेज-फेज व्होल्टेज हललं नाही आणि फेज-न्यूट्रल तीन तऱ्हेचं आलं तर न्यूट्रल सरकलाय. फेज-फेजपण पडलं असतं तर फेजचा सांधा किंवा बाहेरची लाईन धरली असती. आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये एक-दोन व्होल्ट चालतात, ५० चालत नाहीत.

आता मीटिंगची वाट बघू नका. टीव्ही, कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन सगळ्यांनी प्लगमधून काढा. वाय फेजवाल्यांनी तर मेनच बंद ठेवा. दुसरं, मेन स्विच आणि बसबारचा, म्हणजे सगळ्या घरांना लाईट वाटून देणाऱ्या जाड पट्ट्यांचा, डबा मीटरच्या आधी येतो आणि त्याला सील असतं, ते स्वतः तोडायचं नाही. १९१२ ला फोन करून तक्रार नोंदवा, नंबर घ्या, सांगा न्यूट्रल लूज आहे आणि आकडेपण सांगा, आकडे सांगितले की माणूस तयारीनं येतो. दुरुस्तीला परवाना असलेला कॉन्ट्रॅक्टरच बोलवा, गल्लीतला हौशी नको. मी गोकुळ शिरगावला मेंटेनन्सला होतो, लांबनं तापमान मोजायची आयआर गन अजून घरी आहे, उघडायच्या वेळी बोलवा, येतो.

कटवडा
काका तुम्ही याल तेव्हा आमची आख्खी गल्ली बघायला येणार, तिकीट ठेवा.

शाहूपुरी_३०२
झालं मंडळी, आज उघडलं. जरा सविस्तर लिहितो कारण फोटो टाकला तर चेअरमन ओळखतील.

सकाळी लाईनवाले दोघे आले, सज्जन माणसं, सील काढलं आणि लगेच बंद न करता काकांना म्हणाले आधी तुम्ही मारून घ्या गन, लोड चालू आहे तोवर. गिझरचा टाईम होता. तिन्ही फेजच्या थिंबलवर, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीवर, ४१ ते ४३ डिग्री, आणि न्यूट्रलच्या थिंबलवर ९६. काका म्हणाले चकचकीत धातूवर गन मारली तर ती कमीच दाखवते, म्हणून स्लीव्हवर मारली, आत याहून जास्तच असणार. मग वरनं लाईन बंद केली, मापून खात्री केली आणि बोल्ट सोडला. सोडला म्हणजे काय, पान्हा लावल्या लावल्या तो हातात आला. न्यूट्रल पट्टीवर हिरवट-पांढरी खरपुडी, बोल्ट काळाठिक्कर, स्लीव्ह वितळून चॉकलेटी झालेली, आणि ॲल्युमिनियम केबलच्या तारा थिंबलमधून ओढल्या तर अर्ध्या पांढरी पूड होऊन गळाल्या. सोळा घरांचा न्यूट्रल तीन-चार तारांवर लोंबकळत होता.

लाईनवाल्यानं पहिलं वाक्य काय टाकलं माहितेय? "पूर आलेला काय हो मीटर रूममध्ये?"

पाचवी_गल्ली
घ्या! शाहूपुरी म्हटल्यावर मला तेव्हाच वाटलेलं.

शाहूपुरी_३०२
२०१९ ला पण आणि २०२१ ला पण. २०२१ ला तर मीटर बुडाले होते. पाणी ओसरल्यावर मीटर बदलले, पार्किंग धुतलं, बिल्डरच्या ओळखीच्या ठेकेदारानं "सगळं वाळवून टाईट केलंय" म्हणून बिल घेतलं. मीटर नवे, रंग नवा, आणि या डब्यात बोटभर गाळ अजून तळाला.

उद्यमनगरी
पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं, गाळ आणि गटार सगळं असतं त्यात. ॲल्युमिनियमची थिंबल आणि पितळेची किंवा तांब्याची पट्टी एकमेकांना टेकलेली असेल आणि मध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. हे एका दिवसात दिसत नाही. पूर ओसरला, वाळलं, लाईट आली, सगळे खूश. आत सांधा वर्ष-दोन वर्षं सडत राहतो आणि मग एखाद्या पावसाळ्याच्या शेवटी असा बोलायला लागतो. अशा जागी बायमेटल थिंबल लावायची, एका बाजूला ॲल्युमिनियम, एका बाजूला तांबं. आज आम्ही केबल चकचकीत तार लागेपर्यंत मागं कापली, बायमेटल थिंबल हायड्रॉलिक क्रिंपिंगनं दाबली, सांध्याला कंपाउंड लावलं, पट्टी घासून साफ केली, नवा बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर. हातोड्यानं ठोकून बसवलेली थिंबल मी बघितलीय कोल्हापुरात, तसलं काम करून घेऊ नका. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू बसतं, त्यामुळं महिन्या-दीड महिन्यानं लाईन बंद करून एकदा परत टाईट करून घ्यायचं.

दुसरी गोष्ट मला दिसली ती बिल्डिंगच्या केबलची. ती साडेतीन कोअरची आहे, फेजला ३५ स्क्वेअर एमएम आणि न्यूट्रलला १६. पूर्वी हे चालून जायचं, कारण तिन्ही फेजवर लोड सारखा असला की न्यूट्रलमध्ये करंट जवळपास शून्य. आता एलईडी, इन्व्हर्टर एसी, कॉम्प्युटर, चार्जर यांचा करंट वेडावाकडा असतो, त्यातला तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट वेगानं हलणारा भाग, तिन्ही फेजचा न्यूट्रलमध्ये जाऊन बेरीज होतो, लोड सारखा असला तरी. म्हणजे ज्या तारेला अर्धी जाड ठेवली तिच्यावरच हल्ली ओझं वाढलंय. टाँग टेस्टर, म्हणजे तारेला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर, लावला तर न्यूट्रलमध्ये करंट भरपूर दिसला. पुढं केबल बदलायची वेळ आली तर चार कोअरची सारख्या जाडीची टाका.

पुण्यात_अडकलेला
मी स्टॅबिलायझर घ्या म्हणालो ते मागं घेतो. तरी विचारतो, घरात आरसीसीबी, म्हणजे शॉक बसू नये म्हणून लावतात तो खटका, आहे, मग टीव्ही जळायच्या आधी ती का नाही पडत?

उद्यमनगरी
कारण तिचं ते काम नाही. आरसीसीबी गेलेला आणि आलेला करंट सारखा आहे का एवढंच बघते, गळती झाली तर पडते. तुमचा टीव्ही ३८० वर जळत असताना गळती नाहीच, करंट नीट गेला नीट आला, फक्त जास्त व्होल्टेजनं. एमसीबीपण ओव्हरलोडला पडते, व्होल्टेजला नाही. त्याला ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर वेगळा मिळतो, एमसीबीच्या शेजारी घरातल्या डीबीत, म्हणजे खटक्यांच्या पेटीत, बसतो, व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की घर तोडतो आणि बरोबर झाल्यावर थोडं थांबून परत जोडतो. प्रत्येक फ्लॅटनं तो बसवावा. स्टॅबिलायझरपेक्षा स्वस्त, आणि हल्लीचे टीव्ही-चार्जर कमी व्होल्टेज स्वतःच सांभाळतात, त्यांना जास्तीचीच भीती.

कळंब्याची_सून
टीव्ही-अडॅप्टरची भरपाई कोण देणार मग?

शाहूपुरी_३०२
त्यावरच रात्री मीटिंग झाली, धागा वेगळा काढावा लागेल एवढी झाली. थोडक्यात, फॉल्ट बिल्डिंगच्या वायरिंगमधला, त्यामुळं दुरुस्तीचा खर्च सोळा जणांत सारखा. ४०२ चं म्हणणं टीव्हीपण सोसायटीनं द्यावा, काहीजण म्हणतात आमच्याकडं काय जळलं नाही आम्ही का द्यावं. वर डिम होणाऱ्यांपैकी एकजण म्हणाले बाकीच्यांचा जास्तीचा लाईट आमच्याकडनंच गेला ना, मग बिलात वजावट द्या. आता याला काय उत्तर देणार. एक ठराव मात्र एकमतानं झाला, मेन स्विच आणि बसबारचा डबा पार्किंगमधून उचलून पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या लँडिंगला न्यायचा, २०२१ च्या पाण्याची खूण भिंतीवर अजून आहे, तिच्या वर. वीज कंपनीला अर्ज दिलाय, मीटर हलवायचे तर त्यांच्या मंजुरीनंच. तोवर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फूट, म्हणजे धोक्याच्या पातळीला, जायच्या आत आमचं काम झालं पाहिजे एवढीच प्रार्थना, ३९ लाच, इशारा पातळीलाच, आमच्या वॉचमनची बॅग भरलेली असते.

आज सकाळी गिझरच्या टायमाला परत मापलं, २३३, २३६, २३४. न्यूट्रल-अर्थिंग एक व्होल्ट. सोलरच्या तिन्ही रेषा परत एकमेकींच्या गळ्यात. काकांना मिसळ पार्टी सोसायटीतर्फे.

कटवडा
मिसळ कुठली ते आधी ठरवा, यावरनं बिल्डिंग परत फुटेल.

पाचवी_गल्ली
पूरपट्ट्यातल्या सगळ्यांनी, नागाळा पार्क, रमणमळा, व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्ली, जिथं जिथं मीटर रूममध्ये पाणी शिरलेलं तिथं न्यूट्रलचा सांधा एकदा उघडून बघायला काय हरकत आहे? काही जळायची वाट कशाला. आमच्या राजारामपुरीत पाणी येत नाही, तरी मी आज सेक्रेटरीला धागा फॉरवर्ड केलाय.

कळंब्याची_सून
उद्यमनगरी काका, आमच्याकडं कळंब्यात पण कालपासून लाईट डिम. तुमचं वाचून आधी मोटर लावून बघितली. मोटर नुसती गुणगुणली, फिरलीच नाही, स्टार्टर पडला. न्यूट्रलच ना?

उद्यमनगरी
नाही ताई, मोटर फिरली नाही म्हणजे तुमचा एक फेज गेलाय, ते वेगळं दुखणं. परत परत स्टार्टर दाबू नका, दोन फेजवर मोटर जळते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, बसवलाय का बघा, आणि नवा धागा काढा, तिथं सांगतो.